ग्राफिक्स कार्डाला ज्येष्ठाची हरकत

आमच्या घरच्या कॉम्प्युटरने नव्या ग्राफिक्स कार्डाला लेखी हरकत घेतली, तेव्हा त्याची सेवा बारा वर्षं चार महिने झाली होती. हरकत त्याने आमच्याच प्रिंटरवर, आमच्याच कागदावर तीन प्रतींत काढली. एक प्रत माझ्या नवऱ्याला, एक मला आणि एक स्वतःच्या दप्तरी. कागद वाया घालवण्यात तो पहिल्यापासून पटाईत आहे.

हरकतीचा मुद्दा सरळ होता. बारा वर्षं सेवा झालेल्या यंत्राच्या पोटात काल जन्मलेलं कार्ड आणून बसवायचं आणि त्याने पहिल्याच दिवशी ज्येष्ठांच्या पुढे पळायचं, हे सेवाज्येष्ठतेच्या नियमात बसत नाही. सबब सुनावणी घ्यावी. सुनावणी अधिकारी म्हणून माझं नाव सुचवलं होतं. मी एकवीस वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत आहे आणि ज्येष्ठतायाद्या करता करताच माझे केस पिकले. या घरात नियम कळणारी मी एकटीच आहे, हे त्या खोक्याला कळलं. नवऱ्याला अजून कळायचंय.

नवऱ्याचं नाव हेमंतराव खटावकर. सांगलीत हळदीच्या शीतगृहावर मॅनेजर आहेत. वय अठ्ठेचाळीस, पोट सुटलेलं, जिना चढताना गुडघा धरतात, आणि रोज संध्याकाळी आठ ते नऊ कॉम्प्युटरवरच्या खेळात बंदूक घेऊन लढाईवर असतात. आमची केतकी बेंगळुरूला शिकते. तीही त्याच लढाईत असते. मला फोनवर ती तीन शब्द देते: 'हो', 'जेवले' आणि 'ठेवू?' बापाशी मात्र खेळात तासभर बोलते. त्यातलं निम्मं 'बाबा, मागे बघा' आणि उरलेलं 'बाबा, मेलात' एवढंच असतं. पण आवाज तिचा असतो. मी स्वयंपाकघरातून ऐकते, आणि त्या तासात आमची भाजी हमखास खाली लागते.

एक तारखेपासून खेळाची नवी आवृत्ती येणार होती आणि ती आमच्या कॉम्प्युटरवर उघडणारच नव्हती. कार्ड बसलं नाही, तर एक तारखेनंतर आठ ते नऊ या घरात फक्त मालिकांमधल्या सासवा बोलणार. मला ते नको होतं, अगदी मनापासून नको होतं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही. अधिकाऱ्याने आपलं हित उघड केलं की त्याला खुर्ची सोडावी लागते.

सुनावणी रविवारी सकाळी अकराला आमच्या हॉलमध्ये झाली. हेमंतरावांनी कार्ड खोक्यासकट टीपॉयवर ठेवलं. तज्ज्ञ म्हणून कार्ड विकणारे दुकानदार जाफर मुजावर हजर होते. त्यांनी आधी दोन बशा पोहे संपवले, मगच ते तज्ज्ञ झाले. कॉम्प्युटरचा उजवा स्पीकर केव्हाच गेला आहे, म्हणून तो डाव्या स्पीकरमधून बोलला.

"मी आलो तेव्हा केतकी पहिलीत होती, मॅडम," तो म्हणाला. "तिचे शाळेचे सगळे प्रकल्प मी केले. साहेबांच्या हळदीच्या याद्या मी सांभाळल्या. बारा वर्षांत एक दिवस रजा नाही."

"महापुराचे नऊ दिवस?" मी विचारलं. महापुरात आम्ही त्याला गादीत गुंडाळून वरच्या मजल्यावर घाटग्यांकडे ठेवला होता. "ते नऊ दिवस काम झालेलं नाही. सेवेत खंड पडतो."

"मी हजर होतो. वीज नव्हती. हजर कर्मचाऱ्याला काम दिलं नाही, तर तो कर्मचाऱ्याचा दोष धरत नाहीत."

मुद्दा बिनतोड होता. मी नाइलाजाने नोंदवून घेतला.

"अगं, कशाला हा घोळ?" हेमंतराव म्हणाले. "याला काढू आणि सगळाच नवा घेऊ."

"निवृत्तीचं वय अठरा आहे," कॉम्प्युटर म्हणाला. "माझी पाच वर्षं आठ महिने शिल्लक आहेत."

"स्वेच्छानिवृत्ती घेणार का?" मी विचारलं.

"इच्छा नाही."

मग मुजावरांनी चष्मा पुसला. "वहिनी, खरं सांगू का? ह्याचा प्रोसेसर लई जुना. नवं कार्ड कितीबी तगडं असू दे, ते ह्याच्या मागं हात बांधून हुबं ऱ्हाणार."

"बघा. निसर्गसुद्धा ज्येष्ठता मानतो," कॉम्प्युटर म्हणाला.

हेमंतराव भडकले. "मग मला हे विकलंत कशाला?"

"सायेब, तुम्ही मागितलंत की! गिऱ्हाइकाला न्हाई म्हणायचं आमच्या वडलांनी शिकवलंच न्हाई."

शेवटी कार्डाला त्याचं म्हणणं मांडायला सांगितलं. कार्ड गप्प. हल्लीच्या भरतीतले सगळे असलेच. तीन तीन पंखे, अंगभर रंगीत दिवे, आणि विचारल्यावर तोंडातून शब्द नाही.

एक तारीख बुधवारी होती, म्हणून निकाल मी त्याच दुपारी दिला. कार्ड सेवेत घ्यावं. ज्येष्ठतायादीत त्याचं नाव सर्वांत शेवटी, माऊसच्याही खाली राहील. दोन वर्षं ते उमेदवारीवर राहील. त्या काळात पडद्यावरचं कोणतंही चित्र पुढे सरकवण्यापूर्वी त्याने माऊस, कीबोर्ड, जुनी डिस्क, मेमरी आणि प्रोसेसर यांच्याकडे याच क्रमाने प्रस्ताव पाठवावा आणि सगळ्यांच्या सह्या झाल्यावरच चित्र हलवावं. एकवीस वर्षांत इतका नियमात बसणारा आदेश माझ्या हातून निघाला नव्हता. कॉम्प्युटरने डाव्या स्पीकरमधून आभार मानले. हेमंतरावांनी कच्चं कारलं चावल्यासारखं तोंड करून सही केली.

बुधवारी आठला नवा खेळ उघडला. चित्र एकदम झकास होतं, फक्त ते हलत नव्हतं. एक लांब पूल होता, पलीकडे शत्रूचा किल्ला, आणि पुलाच्या अलीकडच्या टोकाला आमचे शिपाई. बाकीचे लोक पूल पळत ओलांडून गेले. केतकीसुद्धा गेली. हेमंतरावांनी बटण दाबलं आणि प्रस्ताव माऊसकडे गेला. साडेआठला त्यांच्या शिपायाचा डावा पाय उचलला गेला. नऊ वाजता तो टेकला.

मुजावरांना फोन लावला. त्यांनी हिशेब करून सांगितलं, पूल ऐंशी पावलांचा आहे, रोज एक पाऊल, म्हणजे ऐंशी दिवस. "पन चित्र झ्याक दिसतंय न्हवं?" असंही त्यांनी विचारलं.

हेमंतरावांच्या तुकडीतले बाकीचे गडी पहिल्याच संध्याकाळी दोन भाषांत शिव्या देऊन निघून गेले. केतकी पुलाच्या पलीकडच्या टोकाला थांबली. पहिले दोन दिवस ती नुसती 'बाबा, या ना' म्हणत होती. बापाच्या मागे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि मारायला कोणी त्याच्याजवळ येत नव्हतं, त्यामुळे तिच्याकडचे शब्द लवकर संपले. तिसऱ्या दिवशी तिने मेसच्या सांबारात गूळ घालतात अशी तक्रार केली. चौथ्या दिवशी त्या गुळावर अर्धा तास गेला. पाचव्या दिवशी कळलं की तिच्या खोलीतली मुलगी कॉलेज सोडून गेली आहे.

सहाव्या दिवशी, शिपायाचा पाय हवेत असताना, ती म्हणाली, "बाबा, मी तीन आठवडे वर्गात गेले नाहीये. खोलीतून बाहेरच पडावंसं वाटत नाही."

हेमंतरावांना कोणत्या वेळी काय बोलावं हे जन्मात कळलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांनी माझ्या वडिलांना हळदीचा भाव विचारला होता. त्यांनी बटण दाबून धरलं आणि ते म्हणाले, "मी येतोय गं."

"किती राहिलं?"

"चौऱ्याहत्तर दिवस."

"या सावकाश. मी उभी आहे इथे."

मी गॅस बंद केला, स्टूल ओढून त्यांच्यामागे जाऊन बसले आणि कोणाला दिसणार नाही अशी रडले. तेव्हापासून मी रोज तिथेच बसते. केतकीला ते माहीत आहे. ती आता मलाही काय काय विचारते. आम्ही तिघं शिपायाच्या पायाकडे बघतो आणि बोलतो. गेल्या आठवड्यात ती खोली बदलून घ्यायला स्वतः वॉर्डनकडे गेली. सोमवारपासून वर्गात बसते. परवा तिला मैत्रिणीने सिनेमाला बोलावलं, तर म्हणाली, बाबांचं बाविसावं पाऊल पडू दे, मग जाते.

आता हेमंतरावांनी माझ्या आदेशाविरुद्ध अपील केलं आहे. मुदतीत केलं आहे आणि चक्क नमुन्यात भरलं आहे. मुजावरांनी दाखला दिलाय की सह्यांची अट काढली, तर उरलेला पूल नऊ सेकंदांत पार होईल. कॉम्प्युटरनेही मन मोठं केलं. कुटुंबाच्या हितासाठी आपली हरकत मागे घेत असल्याचं त्याने लिहून दिलं, अर्थात तीन प्रतींत. म्हणजे अपील मंजूर करायला कायद्याने कसलीही अडचण नाही. घरात दुसरं कोणी नसल्यामुळे अपिलीय अधिकारीही मीच आहे.

हेमंतराव रोज सकाळी चहाच्या वेळी विचारतात, "अगं, माझ्या अपिलाचं काय झालं?"

मी सांगते, "क्रमाने येईल."

माझ्याकडे दुसरं एकही अपील नाही.