खोरगडे सरांची टेक्निकल बात

आमच्या अपार्टमेंटमधले खोरगडे सर आयुष्यात कधीही हरलेले नाहीत. कॅरममध्ये राणी गेली तर पावडर कमी होती. बॅडमिंटनमध्ये वारा होता. हॉल बंद असला तरी होता. लिफ्टमधून मी आधी बाहेर पडलो तरी ते म्हणणार, "तू दाराजवळ होता गा. हे हारणं नोहे, टेक्निकल बात आहे." सर शाळेत खेळाचे मास्तर होते. ते निवृत्त झाले, गळ्यातली शिट्टी झाली नाही. पार्किंगमध्ये कुणी गाडी तिरपी लावली की ती अजून वाजते.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि घरी बसून प्रोग्रॅम लिहितो. म्हणजे काय करतो, हे आईला अजून नीट सांगता आलेलं नाही. आजकाल एआय एजंट निघालेत. आपण काम सांगायचं, त्यांनी आपले आपण चार ठिकाणी विचारून ते उरकायचं. आता मोबाईलवर एक खेळ आहे, त्यात चित्रविचित्र प्राणी झुंजतात. कुणी आगीचा, कुणी गवताचा, कुणी पाणी आणि दगड दोन्हींचा. कुणाला कशाने किती मार बसतो याचा भलामोठा तक्ता असतो, आणि एजंट त्यात हमखास चुकतात, वर ठासून सांगतात. म्हणून मी खास त्यांच्यासाठी एक टूल लिहिलं. प्राण्याचा प्रकार टाका, कमजोरी घ्या: चौपट, दुप्पट, अर्धी, शून्य. जगभरचे एजंट रांग लावतील अशी माझी समजूत होती. रांगेत खोरगडे सर एकटेच उभे राहिले.

दर रविवारी सकाळी बेल वाजायची. दारात सर, हातात सांबारवडीची, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबीरवडीची, प्लेट.

"पोट्टीनं फोटो धाडला. पाणी अन् दगड. बोल लवकर, कशानं मरते?"

पोट्टी म्हणजे सई, त्यांची कॅनडातली नात. ती आपला प्राणी आधी कळवायची आणि मग व्हिडिओ कॉलवर आजोबांशी झुंज लावायची. मी ऐटीत टूल चालवून सांगायचो, "गवत. चौपट."

"हौ. अन् तिले अर्धाच मार देणारे कोन कोन?"

मी तेही सांगायचो. दुपारी जिन्यात भेटले की निकाल ठरलेला. "हारलो नाही गा. टेक्निकल बात झाली. तिकडचं नेट फास्ट आहे."

एक-दोनदा ठीक आहे, पण दर रविवारी? मला जेवण गोड लागेना. सगळा तक्ता पुन्हा तपासला, चूक सापडेना. बायको म्हणाली, "काहून जीव काढून राहिले? एकच तर गिऱ्हाईक, तेबी हारते!"

शेवटी मी हुशारी केली. त्या रविवारी त्यांच्याबरोबर खाली त्यांच्या घरी गेलो. सर चहा टाकायला आत गेले तेवढ्यात त्यांच्या मोबाईलवर एक एजंट बसवला, त्याला माझं टूल जोडलं आणि प्राणी निवडायचं काम त्याच्यावर सोपवलं. सर बाहेर आले, कॉल लागला, झुंज सुरू झाली. दोन वारांत सईचा प्राणी आडवा! मी टाळ्या वाजवल्या. मोबाईलमधून बारीक आवाज आला, "नॉट फेअर, आजोबा," आणि कॉल कटला.

"सर, पेढे!" मी म्हणालो.

"हं," सर म्हणाले. जिंकायची सवय नसेल, असं मी धरून चाललो आणि विजयी वीरासारखा जिना चढून घरी आलो.

पुढच्या रविवारी बेल वाजली नाही. बराच वेळ वाट पाहून मीच खाली गेलो. सर इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. सईचा फोटो आलाच नव्हता.

"तुले काय वाटलं, मी जिंकाले विचारत होतो काय गा?" सर मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले. "तिची मराठी आटली, माही इंग्रजी उगवलीच नाही. खेळ चालू आहे तोवर पोट्टी बोलते. शाळा, बर्फ, पडलेला दात. खेळ खतम, फोन खतम. म्हून असा प्राणी काढाचा, की हारन तर खरा, पण हळूहळू."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"तू बोलून देशीन कोनाजवळ. तिच्या कानावर गेलं, त जिंकाची मजाच गेली ना तिची."

हरल्यावर शंभर सबबी सांगणाऱ्या या माणसाने एकुलती एक खरी सबब लपवून ठेवली होती. आणि मी, जगाच्या कमजोऱ्या मोजणारा, दर रविवारी त्यांची वडी खात बसलो होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

मग सरांनी मोबाईल उचलला आणि सईला आवाजी निरोप धाडला. "सई, मागच्या वक्ती आजोबानं चीटिंग केली. सॉरी. एक चान्स दे वं." चूक माझी होती. बंद हॉलमधल्या वाऱ्यावर खापर फोडणारे सर ती बिनबोभाट स्वतःच्या डोक्यावर घेऊन मोकळे झाले. मी गुपचूप त्यांच्या मोबाईलवरचा एजंट काढून टाकला.

सरांनी दोन कप चहा आणून ठेवला. चहा निवला. मग मोबाईल वाजला आणि फोटो आला: आग अन् पंख.

मी तिथेच बसून टूलमध्ये एक नवीन उत्तर घातलं: चिवट, पण हरणारा. जगातला कुठलाही एजंट हे कधी विचारणार नाही. त्यातून निघालेला प्राणी सरांनी लावला. झुंज लांबत गेली. मधेच सईने पडलेल्या दाताची जागा कॅमेऱ्याला चिकटवून दाखवली, नव्या मैत्रिणीचं नाव सांगितलं, बर्फात घसरल्याची गोष्ट सांगितली. सरांना अर्धी कळली असेल, पण हसले ते पूर्ण.

शेवटी त्यांचा प्राणी एकदाचा कोसळला.

"आजोबा, हारला?" सईने अडखळत विचारलं.

मी टेक्निकल बात ऐकायच्या तयारीत होतो.

"हारलो वं माय," सर म्हणाले. "पुरा हारलो." आणि मोबाईल आणखी जवळ ओढत विचारलं, "अजून एक डाव?"