बोचकीची नजर

पेंटरनी चित्रावरचं कापड बाजूला केलं आणि ताई निरखून बघू लागली. मांजर फारच सुंदर आलं होतं.

"कशी वाटतेय?" पेंटर मागे सरून म्हणाले. खोली एवढी अरुंद, की मागे सरताच त्यांची पाठ भिंतीला टेकली.

"छान आहे हो. पण ही कोण?"

"कोण म्हणजे? तुमची बोचकी."

"आमची बोचकी तिरळी होती."

"होती ना, तुम्हीच सांगितलंत." पेंटर समजुतीने हसले. "काढून टाकलं मी ते. आमचं कामच ते, त्यात उपकार कसले."

पेंटरांची सगळी हयात अध्यक्षांत गेली होती. बँकांचे, शाळांचे, मंडळांचे अध्यक्ष निवृत्त झाले, की सभागृहात लावायला त्यांची तैलचित्रं पेंटर काढून द्यायचे. चामखीळ उडवायची, टकलावर थोडे केस आणायचे, दोन हनुवट्यांची एक करायची आणि चेहऱ्यावर, या माणसाने कधी कुणाची फाइल अडवली नसेल, असा भाव ठेवायचा. त्या हाताने काढलेली बोचकीही अध्यक्षच झाली होती. मिशा विंचरल्यासारख्या. भांडणात फाटलेला कान अखंड. आणि उजवा पंजा एका जाडजूड पुस्तकावर ठेवलेला.

"पुस्तक कशाला?" ताईने विचारलं.

"रिकामा हात बरा दिसत नाही."

"पुस्तक काढा. कान फाडा. आणि डोळे तिरळे करा."

पेंटरनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना अध्यक्षांच्या नाकात बोट घालून काढायला सांगितलं होतं.

घरी आली तर धाकटा भाऊ दारातच उभा. त्याला सगळे बारक्या म्हणत. साठीला टेकला होता आणि उंची एवढी, की दारातून वाकूनच आत यावं लागे. घरात ही दोघंच भावंडं, आणि काही दिवसांपूर्वीपर्यंत बोचकी.

"झालं का तुझं चित्र?" बारक्या म्हणाला.

"नाही अजून. डोळे चुकलेत."

"ताई, मांजराचं कुणी चित्र काढून घेतं का? लोक हसतील."

"लोकांना कोण बोलावतंय बघायला?"

"माझा काही संबंध नाही यात. आधीच सांगून ठेवतो." आणि पायांत चपला सरकवून तो फिरायला निघून गेला. जन्मात कधी फिरायला न गेलेला हा माणूस बोचकी गेल्यापासून रोज संध्याकाळी बाहेर पडायचा. तो गेला, की बाहेरच्या खोलीत ताई एकटी उरायची.

ती संध्याकाळची वेळच अवघड होती. खोलीत समोरासमोर नव्हे, शेजारी शेजारी दोन खुर्च्या होत्या. खिडकीकडची ताईची, दाराकडची बारक्याची. दिवेलागणीला दोघं बसली, की बोचकी समोरच्या ठेंगण्या कपाटावर चढायची आणि त्यांच्याकडे बघत राहायची. आता बघत राहायची म्हणजे कुणाकडे, हा वाद या घरात वर्षानुवर्षं चालला होता. तिचा एक डोळा खिडकीकडे जायचा आणि एक दाराकडे.

"माझ्याकडे बघतेय," ताई म्हणायची.

"तुझ्याकडे कशाला बघेल? तू तिला दूध देतेस तेवढ्यापुरती. माया माझ्यावर आहे."

"मायेने बोचकारलंय वाटतं तुला?"

आणि आता ताईला तो चेहरा आठवेनासा झाला होता. कपड्यांना इस्त्री करताना मध्येच थांबून ती डोळे मिटून आठवायला बसे. कान यायचा, नाकावरचा काळा ठिपका यायचा, नजर यायची नाही. फोटो काढायचे म्हटले, तर बोचकी कधी स्थिर बसली नव्हती. एकात नुसती शेपटी, दुसऱ्यात डोळ्यांच्या जागी दोन पेटलेले दिवे. एकच फोटो नीट होता आणि त्यात ती झोपलेली होती. विसरायच्या आत ती नजर भिंतीवर आली पाहिजे, एवढंच ताईला हवं होतं.

पुढच्या खेपेला पुस्तक गेलेलं होतं. कानाला छेद आला होता, तोही नक्षी कातरल्यासारखा देखणा. डोळे मात्र सरळच्या सरळ.

"प्रयत्न केला बाई," पेंटर खरोखर खजील होऊन म्हणाले. "काल तिरळा काढला होता. चहा पिऊन आलो आणि बघतो तर हाताने आपोआप सरळ केलेला. एवढ्या वर्षांची सवय. दोष दिसला, की हात स्वस्थ बसत नाही माझा."

"दोष नव्हता हो तो."

"तुम्हाला नसेल. हाताला कोण सांगणार?"

ताई स्टुलावर टेकली. चित्रातली मांजर सभा सुरू व्हायची वाट पाहावी तशी समोर बघत होती. दोन खुर्च्यांच्या मधोमध, रिकाम्या भिंतीकडे. अशी नजर घरात नेऊन लावायची, म्हणजे रोज संध्याकाळी बोचकीने ओळख न दाखवणं.

तिने आवाज उतरवला. "मग एक करा. तिरळी नको. पण तिला माझ्याकडे बघू दे. चित्र कपाटाच्या वर लागणार. माझी खुर्ची खिडकीकडे."

"नजर खिडकीकडे. ते जमेल."

"आणि हे माझ्या भावाला कळायला नको. तो उगाच..."

"बाई," पेंटर छातीवर हात ठेवून म्हणाले, "एक अध्यक्ष गुपचूप येऊन केस मागून गेले. त्यांच्या पत्नी गुपचूप येऊन पोट कमी करा म्हणाल्या. दोघांचंही केलं. दोघांनाही आजतागायत पत्ता नाही. आमच्याकडे आलेली गोष्ट बाहेर जात नाही."

घरी परतताना ताईला जरा अपराधी वाटलं. पण बारक्याने स्वतःच हात झटकले होते. त्याला काय फरक पडणार होता?

त्या आठवड्यात बारक्या फिरून आला, तेव्हा त्याच्या कोपराला पिवळट रंग लागलेला होता.

"हे काय लागलंय?"

"हे? शेजारच्यांनी फाटक रंगवलंय."

शेजारच्यांचं फाटक गंजून लाल झालेलं होतं आणि त्याला रंग लागल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. पण ताईच्या स्वतःच्याच मनात चोर होता, त्यामुळे दुसऱ्याचा शोधायला तिला सवड झाली नाही. ती एवढंच म्हणाली, "रॉकेलने पूस."

चित्र घेऊन पेंटर स्वतः आले. बारक्या फिरायला गेला नव्हता. "पाय दुखतोय," तो म्हणाला आणि न विचारताच हातोडी घेऊन पुढे झाला. कपाटाच्या वर खिळा ठोकला, चित्र चढवलं, दोघं आपापल्या खुर्च्यांत जाऊन बसली आणि पेंटरनी कापड ओढलं.

दोघंही खुर्चीत पुढे झुकली.

एक डोळा खिडकीकडे गेला होता आणि एक दाराकडे.

पेंटर मागे सरत सरत पार समोरच्या भिंतीपर्यंत गेले. एवढ्या लांबून त्यांनी ते चित्र पहिल्यांदाच पाहिलं होतं. एक डोळा रंगवताना ओला रंग फिसकटू नये म्हणून दुसऱ्यावर कागद लावायची त्यांची पद्धत, आणि वाळलं तसं कापडात गुंडाळून थेट इथे आणलेलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"बाईंनी खिडकीकडे सांगितलं होतं," ते पुटपुटले. "साहेबांनी दाराकडे. मी आपलं दोघांचंही..."

ताईने मान वळवली. बारक्या छताकडे बघत होता.

"तू गेला होतास?"

"सहज. रस्त्यातच लागतं."

"तुझा संबंध नव्हता ना?"

"तू तरी मला विचारून सांगितलंस का, तुझ्याकडे बघू दे म्हणून?"

पेंटरनी तोवर पिशवीतून ब्रश काढला होता. "चूक माझी. असं चित्र माझ्या हातून बाहेर जाणार नाही. जरासाच हात फिरवतो, सरळ होतील."

"ब्रश ठेवा," ताई म्हणाली.

"हात लावायचा नाही," बारक्या म्हणाला आणि उठून चित्रासमोर आडवा उभा राहिला. त्याच्या रुंदीपुढे पेंटरना मांजराची शेपटीही दिसेना.

"अहो, निदान माझं नाव तरी खोडू द्या खालचं. लोक काय म्हणतील?"

ते मात्र दोघांनी खोडू दिलं. चहासुद्धा न घेता पेंटर गेले.

मग खोलीत दोघंच राहिली. अंधारून येत होतं. ताईने दिवा लावला आणि पुन्हा येऊन बसली. कपाटावरून बोचकी बघत होती, अगदी तशीच, दोघांपैकी कुणाला तरी ओळखत असल्यासारखी.

मान कलती करून बारक्या म्हणाला, "तुझ्याकडे बघतेय गं."

ताईने डोळे पुसले. "नाही रे. तुझ्याकडे बघतेय."

"छे. नीट बघ. तुझ्याकडेच."

भाजी चिरायची होती, फाटकाला कडी घालायची होती. आता कुणाच्या मांडीवर बोचकी झोपलेली नव्हती, त्यामुळे उठायला काहीच हरकत नव्हती. तरी दोघंही बसूनच राहिली.