स्वतःला ओळखणारा नोटरी

"हा कागद चालणार नाही," खिडकीमागचा कारकून म्हणाला. सकाळपासून त्याने हे इतक्यांना सांगितलं होतं की आवाजात आता राग उरला नव्हता, नुसता शिणवटा होता.

नोटरीची मुलगी त्याच्याहून शिणलेली होती. वडील जाऊन सव्वा महिना झाला होता आणि ही तिची चौथी खेप. त्यांनी आपली कामाची खोली बक्षीसपत्र करून तिला दिली होती. महिनाअखेरपर्यंत कागद नोंदला गेला नाही, तर खोली इमारतीच्या संस्थेकडे जाणार होती. खोलीत अजून शाईचा वास होता. तिला खरं तर तेवढाच हवा होता.

"का नाही चालणार?"

"बाई, लिहून देणारे तेच, शिक्का मारणारे नोटरीही तेच! हे बघा, 'सही करणाऱ्यास मी जातीने ओळखतो.' पुढे कंसात 'बऱ्यापैकी'."

चाळीस वर्षं जगाच्या कागदांतल्या चुका काढलेल्या माणसाला दुसऱ्या नोटरीची पायरी चढणं कमीपणाचं वाटलं असणार. तिने सुस्कारा सोडला. "मग शिक्का नाहीच असं समजा. साधा खासगी कागद म्हणून घ्या."

"घेतो की. तुमच्या भावाची लेखी संमती आणा."

दादा परगावी होता. फोनवर म्हणाला, "अगं, कुठल्या काळात आहेस? डिजिटल सही करून पाठवतो. पाच मिनिटं!"

त्या पाच मिनिटांना दोन दिवस लागले. तिने संमतीपत्र छापून खिडकीत सरकवलं.

"ही सही संगणकात जिवंत असते," कारकून म्हणाला. "कागदावर उतरवली की गेली."

"मग फाइल मेल करते."

"आम्ही कागदच घेतो."

"म्हणजे जिवंत सही तुम्ही घेत नाही, आणि घेता ती मेलेली असते."

"आता कसं बोललात! या छापील प्रतीवर आपल्या भागातल्या नोटरीचा शिक्का आणा, की झालं." त्याने यादी काढली. बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं. "जागा रिकामी आहे. गेल्या महिन्यात..."

"हो," ती म्हणाली. "ठाऊक आहे मला."

कारकुनाला कुठे बघावं कळेना. त्याने बक्षीसपत्रच उलटंपालटं केलं. "साक्षीदार हजर झाला, तर भावाची संमती लागतही नाही म्हणा."

"हे आधी नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत." तो वाकून पाहू लागला. बराच वेळ पाहत राहिला. "ही साक्षीदाराची सही... माझी आहे."

"वाचून केली होतीत?"

"तुमच्या वडिलांनी पुढे केलेला कागद वाचायची हिंमत कोणाची?"

"मग झालं काम!"

"कसं होईल? साक्ष खिडकीच्या त्या बाजूने द्यायची असते."

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला खिडकी सोपवून तो वळसा घालून बाहेर आला, नंबराची चिठ्ठी घेतली आणि तिच्या शेजारी बाकावर बसला. दीड तास गेला.

"इथे पंख्याचा वारा लागत नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याचा नंबर आला. अकरा वर्षं शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने मान वर न करता हात पुढे केला. "ओळखपत्र?"

"अरे, मी आहे! ओळखपत्र आत, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे."

"साक्षीदारांना आत सोडत नाहीत. साक्ष झाली की खोली बाईंचीच. उद्या ओळखपत्र घेऊन या."

कारकून परत बाकाशी आला. मग हळूच म्हणाला, "ताई, उद्या लवकर येणार असाल तर माझाही नंबर लावून ठेवाल?"