मानवी स्पर्शाचा बाक

वलवणच्या एका डिझाइन कॉलेजात यंदा पेन्सिलीला सन्मानपूर्वक निवृत्त करण्यात आलं. शाल-श्रीफळ मात्र संचालकांनी घेतलं. यापुढे चित्र सॉफ्टवेअर काढणार आणि विद्यार्थी त्याला काय हवं ते सांगणार, असं ठरलं. मग सरळ रेघ शिकवण्यात जन्म घालवलेल्या दीनानाथ सरांचं काय? संस्था कृतघ्न नव्हती. त्यांना 'मानवी स्पर्श समन्वयक' नेमलं. सॉफ्टवेअरची चित्रं फारच नीटनेटकी येतात आणि गिऱ्हाइकाला हातचं काम आवडतं. तेव्हा सरांनी एखादी रेघ वाकडी करून द्यायची. याच वाकड्या रेघेपायी त्यांनी पूर्वी अर्धा वर्ग बाहेर उभा केला होता.

शेवटच्या वर्षाला विषय आला बसथांब्याचा बाक. पहिला येईल तो टाकवे बुद्रुकच्या थांब्यावर खरोखर बसवणार होते. तिथल्याच बबितानं लपवलेली पेन्सिल बाहेर काढली आणि सरांसमोर बसून हातानं बाक काढला.

"सर, आई गुडघा धरून थांब्यावर उभी ऱ्हाती. यष्टीचा काय भरवसा न्हाई. तिला टेकता आलं पायजे, बास."

त्या रेघा बघून सरांना भरून आलं. चला, एक तरी पोर शिकली म्हणायची!

परीक्षक अर्थातच सॉफ्टवेअर होतं. त्यानं शेरा दिला: 'रेघा संशयास्पदरीत्या सरळ. मानवी स्पर्श आढळत नाही. अनुत्तीर्ण.'

सर बबिताला घेऊन तडक संचालक रुचिर यांच्या केबिनमध्ये घुसले. "अहो, माझ्या डोळ्यांदेखत हातानं काढलंय पोरीनं!"

"मला पटतंय हो, सर," रुचिर म्हणाले. "पण सॉफ्टवेअरला पटायला हवं ना! आणि मानवी स्पर्श हे खातं तुमचंच आहे. करा की स्पर्श."

"वाकडा केल्याव आई बसंल कशी?" बबितानं विचारलं.

"आधी पास हो, बाई. बांधताना गवंडी करेल सरळ," सर म्हणाले.

सरांनी मन घट्ट करून बाकाचा एक पाय आखूड केला, बैठक उतरती केली. बबिता पहिली आली.

पण गवंडी होता कुठं? कंत्राटदाराकडेही सॉफ्टवेअरच होतं. त्यानं इमानेइतबारे चित्राबरहुकूम बाक ओतून दिला.

उद्घाटनाला बबिताच्या आईला, बायाला, मानानं बसवलं. टाळ्या पडल्या आणि बाया अलगद खाली आली.

"आगं आई गं! ह्यो बाक हाय का घसरगुंडी?"

बबितानं सरांकडे पाहिलं. लाज वाटली त्यांना, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा केबिनमध्ये हजर. "बाक दुरुस्त करा."

"दुरुस्त?" रुचिर यांनी फोन पुढे धरला. "अहो, पुण्या-मुंबईची माणसं वाट वाकडी करून फोटोला येतायत. किती जिवंत बाक, म्हणतात!"

बाया आजही एसटीची वाट बघत उभीच असते. फक्त आता जरा लांब, उन्हात. परवाच्या रविवारी कुणीतरी तिला गोड आवाजात म्हणालं होतं, "मावशी, फोटोत येताय, थोड्या बाजूला सरकता का?"

तुम्हीच ना ते? फोटो छान आलाय हो तुमचा.