आरसा, अर्थिंग आणि आईंची खुर्ची

छोट्या गाडीखालून चष्मेवाल्यांचे फक्त पाय दिसत होते. एका पायात चप्पल होती, दुसरी कुठे गेली याचा शोध घ्यायला कुणालाच सवड नव्हती. दुपारी बारापर्यंत तळ्यावर पोचलं नाही तर बायकोच्या बोटीचं नाव शर्यतीतून कापलं जाणार होतं.

ही बोट बायकोने स्वतःच्या हाताने बांधली होती. तिचा सुतारकामाचा कारखाना होता. दिवसभर लोकांची कपाटं करायची आणि संध्याकाळी आपली बोट, असं तिने दोन वर्षं चालवलं होतं. बोटीने अजून पाणी पाहिलं नव्हतं. ती पाहुण्यासारखी शेडमध्ये बसून होती, आणि बाहेर गाडीला जोडलेला रिकामा ट्रेलर तिची वाट बघत होता. अडलं होतं ते ट्रेलरच्या दिव्यांपाशी. दिवे लागत नसतील तर तळ्याच्या फाटकातून ट्रेलर आत घेत नसत.

"मेकॅनिकला बोलवा," असं बायको आठवडाभर सांगत होती.

"चार वायरींसाठी मेकॅनिक?" असं चष्मेवाले आठवडाभर विचारत होते.

"भाऊजी, झालं का?" मेहुण्याने वाकून विचारलं. त्याच्याकडे चिकटपट्टी धरायचं काम होतं आणि तो ते जीव तोडून करत होता.

"झालं! आता फक्त तपासायचं!" चष्मेवाले बाहेर आले. नाकाला ग्रीस, डोळ्यांत तेज. "आई, तुम्ही मागे बसा आणि कुठला दिवा लागतो ते मोठ्याने सांगा."

सासूबाई खुर्ची घेऊन ट्रेलरमागे बसल्या. या घरात आजवर कुणी त्यांना इतकं महत्त्वाचं काम दिलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी आत बसून डावा इंडिकेटर दिला आणि आरशात पाहिलं.

"डावा!" सासूबाई ओरडल्या.

"म्हणजे चुकलं," चष्मेवाले म्हणाले. "मलाही आरशात डावाच दिसतोय. आरशात सगळं उलटं दिसतं. म्हणजे लागतोय तो उजवा."

"अहो, पण आईला आरशाशिवाय दिसतोय ना?" बायको शेडमधून म्हणाली.

"आरशाचं मला शिकवू नकोस. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना आरसा दाखवून पोट भरतोय. आणि आई गाडीकडे तोंड करून बसल्यात. त्यांचा डावा तो गाडीचा उजवा!"

इतक्या ठाम आवाजात बोलणाऱ्या माणसाला कोण अडवणार? मेहुण्याने वायरींची अदलाबदल केली. सासूबाईंची खुर्ची उलटी फिरवली.

"आता सांगा, आई!"

"जावईबापू, आता मला शेजाऱ्यांची भिंत दिसतेय."

शेवटी बायको रंधा टाकून आली आणि ट्रेलरच्या डाव्या बाजूच्या दिव्यावर तिने तळहात आपटला. "हा. हा डावा. गाडी चालवताना जो हात मी दारातून बाहेर काढते त्या बाजूचा नाही, हा! मघाशी हाच लागत होता." वायरी परत पहिल्या जागी गेल्या. चष्मेवाल्यांनी आरसा रागाने वर वळवून ठेवला.

मग ब्रेक दाबला आणि खरी गंमत सुरू झाली. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचे, इंडिकेटर दिला की सगळेच दिवे डोळे मिचकावायचे.

"भाऊजी, कसलं भारी दिसतंय!" मेहुणा म्हणाला.

"गप्प बस. अर्थिंग!" चष्मेवाले या वेळी ट्रेलरखाली घुसले आणि तिथूनच ओरडले, "सापडलं! पांढरी वायर ट्रेलरच्या लोखंडाला टेकतच नाहीये. मधे रंग आहे. विजेला परत जायला वाट नाही, म्हणून ती दुसऱ्या दिव्यांतून घुसतेय! तीन-तीन हात रंग कुणी दिला?"

"मी दिला," बायको म्हणाली. "गंजेल गंजेल म्हणून कुणी डोकं खाल्लं होतं?"

ट्रेलरखालचे पाय हळूच आत ओढले गेले. तो निळा रंग तिने स्वतः घोटून बनवला होता. त्यावर ओरखडा नको म्हणून तर चष्मेवाल्यांनी दिवेसुद्धा पार खाली, ट्रेलरच्या जुन्या पट्टीला लटकवले होते. बायकोने घड्याळाकडे पाहिलं, पटाशी उचलली आणि नखाएवढा रंग स्वतःच खरवडला. खरवडताना तिने डोळे मिटले होते.

डावा लागला! उजवा लागला! ब्रेक लागला! मेहुण्याने चिकटपट्टी हवेत उडवली, सासूबाईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी मिळून बोट ट्रेलरवर चढवली, दोरांनी आवळली, आणि वरात निघाली. चष्मेवाले रिकाम्या रस्त्यावरही वळायच्या कितीतरी आधी इंडिकेटर देत होते. फाटकावरच्या माणसाने दिवे पाहून मान डोलावली तेव्हा त्यांना गहिवरून आलं.

उतारावर ते गाडी मागे घेऊ लागले. चाकं पाण्याला लागताच थांबले.

"अजून मागे," बायको म्हणाली.

"अजून किती?"

"बोट तरंगेपर्यंत. ट्रेलर पाण्याखाली गेल्याशिवाय ती सुटणार कशी?"

"पण माझे दिवे!"

"बोट पाण्यात घालायची हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

"बोट घालायची हे माहीत होतं. दिवे घालायचे हे कधी बोललीस?"

बाराला थोडाच वेळ उरला होता. बायको बोटीवर हात ठेवून उभी राहिली. चष्मेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि गाडी मागे घेतली.

ब्रेक दाबला तेव्हा पाण्याखाली क्षणभर सुंदर लाल उजेड पसरला. "डावा गेला," सासूबाईंनी इमानेइतबारे कळवलं. "उजवा पण गेला."

आणि बोट सुटली! हलकेच डुलली, सरळ झाली. बायको उडी मारून आत बसली, वल्ही मारत शर्यतीच्या रेषेपाशी पोचली आणि तिथून ओरडली, "अहो! तरंगतेय! बघा ना, तरंगतेय!" चष्मेवाले गुडघाभर पाण्यात उभे राहून घसा फुटेस्तोवर ओरडत होते. दिव्यांचं दुःख त्यांना खरंच आठवत नव्हतं.

शिट्टी झाली, बोटी निघाल्या. सासूबाई काठाकडे बोट दाखवत म्हणाल्या, "जावईबापू, ही बाकीची मंडळी बघा. प्रत्येकाने दिव्यांची फळी ट्रेलरवरून काढून गवतावर ठेवलीय. दोन खिट्ट्या ओढल्या की निघते."

चष्मेवाल्यांनी पाहिलं. गवतावर ओळीने फळ्या पडल्या होत्या, सगळ्यांचे दिवे कोरडे ठणठणीत.

"आई! तुम्ही हे कधी पाहिलंत?"

"आल्या आल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, "आपले दिवे बघून बिचाऱ्यांनी लाजेने काढून ठेवले."