डब्याचा अर्थ

चित्रपट सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि नायकाने अजून एकच काम केलं होतं: समुद्राकडे पाहणं. ग्लेनिसला हाच समुद्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून फुकट दिसायचा, आणि त्यात निदान बोटी तरी येत-जात. पण ‘मीठ आणि मौन’ला परदेशात मोठं बक्षीस मिळालं होतं, आणि शूटिंग त्यांच्याच गावात, टास्मानियाच्या या टोकाला झालं होतं. त्यामुळे गावच्या हॉलमध्ये अळीमिळी गुपचिळी होती. जांभई आली की लोक खोकत होते.

तेवढ्यात पडद्यावर शेजारच्या जॉइसचं स्वयंपाकघर आलं आणि ग्लेनिस ताठ बसली. नायकाच्या डोक्यामागे, फळीवर, तिच्या आईचा केकचा डबा होता. निळा, कुकाबुरा पक्ष्याच्या चित्राचा, झाकणाला तिनेच लहानपणी पाडलेला पोचा.

गेल्या हिवाळ्यात, शूटिंगच्याच दिवसांत, हा डबा नाहीसा झाला होता, कृषी मेळ्यातल्या केकच्या स्पर्धेसाठी रममध्ये मुरवलेल्या केकसकट. त्या वर्षी पहिला नंबर जॉइसला मिळाला होता.

“डग, डबा बघ!” तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

“कसला डबा? चल, निघू या. पुढे असलाच वैताग आहे.”

“थांब ना जरा!”

“मग गाड्या काढताना गर्दी होते.”

बाहेर गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पण डग उठला तसे इतका वेळ खोकणारे सगळेच उठले. शेवट कुणीच पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी ग्लेनिस कुंपणाशी उभी राहिली.

“जॉइस, माझा डबा तुझ्या फळीवर काय करत होता?”

“मला काय ठाऊक? शूटिंगच्या वेळी मला माझ्याच घरातून बाहेर काढलं होतं. माझे पडदेसुद्धा बदलले मेल्यांनी!”

“आणि पहिला नंबर? तोही त्यांनीच दिला का?”

“म्हणजे मी चोर?” जॉइसचा चेहरा लाल झाला. “एकमेकींच्या पोरींची बाळंतपणं काढली आपण, ग्लेनिस. आणि आज मी चोर!”

त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. ग्लेनिसला दुपारचा चहा एकटीने घशाखाली उतरेना. पण संशयाचं भूत मानगुटीवर बसलं होतं. पोचा नीट पाहायला ती शहरातल्या थिएटरात गेली. डग, जो सिनेमाचं नाव काढलं की पाठ दुखते म्हणायचा, तो आपणहून गाडी चालवायला आला, आणि शेवटाच्या आधी त्याची पाठ इतकी दुखू लागली की तिला उठावंच लागलं. यात कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटलं. पण ते जॉइसकडे मुरतंय, असंच ती धरून चालली होती.

‘ग्लेनिसने तो पिक्चर दुसऱ्यांदा पाहिला’ ही बातमी गावभर झाली. एवढं सोसणारी बाई म्हणजे तिला तो कळलाच असणार! म्हणून पिक्चरच्या खास खेळाला दिग्दर्शक गावात आला तेव्हा हॉल-कमिटीने तिला पहिल्या रांगेत, थेट त्याच्या शेजारी बसवलं. डग दुसऱ्या बाजूला, टोपी डोळ्यांवर ओढून. जॉइस बरोबर मागे.

“माझ्या पोटात कळ येतेय,” शेवट जवळ आला तसा डग कुजबुजला.

“येऊ दे,” ग्लेनिस म्हणाली. पाहुण्याशेजारून उठणं बरं दिसलं नसतं.

शेवटचं दृश्य आलं. पहाटेचा धक्का, समुद्राकडे तोंड करून बसलेला एक म्हातारा, फक्त पाठमोरा. मांडीवर निळा डबा. म्हातारा केक खात होता. किती वेळ खात होता! सावकाश, बोटं चाटत, डॉक्टरांनी साखर बंद केलेला माणूस खातो तसा. मग उठताना त्याचा पाय लागला आणि डबा पाण्यात गेला. म्हातारा वाकून बघत राहिला.

अंगातला स्वेटर ग्लेनिसने विणला होता.

“ते कान डगचे ना गं?” मागून जॉइसचा आवाज आला.

ग्लेनिसच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईचा डबा गेला होता, आणि त्यापायी तिने जॉइसला चोर ठरवलं होतं. दिवे लागले. दिग्दर्शक भारावून तिच्याकडे वळला.

“त्या डब्याचा अर्थ मी मुद्दाम मोकळा सोडलाय. प्रत्येकाला वेगळा लागतो.”

“मला लागला,” ग्लेनिस म्हणाली. तिने डगच्या कोटाच्या खिशातून गाडीची किल्ली काढली आणि मागे वळली. “जॉइस, चुकले मी. चहाला येतेस?”

“येते की. काखेत कळसा नि गावाला वळसा! पण केक मी आणणार. पहिल्या नंबराचा आहे.”

दोघी निघाल्या. डग पाठोपाठ दारापर्यंत धावला, पण गाडी चढ चढून वळणाआड गेलीसुद्धा. वारा बोचरा होता आणि घर टेकडीपलीकडे. ती पाठ ओळखून दिग्दर्शकाने मागून येऊन त्याचा हात हातात घेतला.

“सर, तुम्ही घरून आणलेला डबा आम्ही त्या स्वयंपाकघरातही ठेवला. पण सगळे मला हेच विचारतात. त्या पाठीत एवढा एकटेपणा तुम्ही आणलात कुठून?”

“तेव्हा नव्हता हो,” रिकाम्या रस्त्याकडे बघत डग म्हणाला. “तो आत्ता येतोय.”