शिट्टी परत करविण्याच्या मोहिमेची हकीकत

ऐकणारांनी कान देऊन ऐकावे. मोठमोठ्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले. परंतु तीन खोल्या आणि एक गॅलरी एवढ्याच मुलखात सोमवारपासून शुक्रवारपर्यंत जे तुंबळ माजले, ते लिहावयास कोणी धजला नाही. सबब आम्ही कोणाची भीडमुर्वत न ठेविता घडले तैसे लिहितो.

त्या मुलखी वडीलकीचा मान सासूबाईंचा. त्यांनी तीस वर्षे पोस्टाच्या खिडकीवर शिक्के मारिले आणि पाठविणाऱ्याचे नाव नसलेले पाकीट म्हणून कधी हातचे पुढे सोडिले नाही. सकाळी उठोन देवापुढे बसावे, जपमाळ ओढावी आणि मगच चहास स्पर्श करावा, ऐसा शिरस्ता. त्यांचे जावई चष्म्यांच्या दुकानाचे धनी, भिंगे घासणारे, दिसेल तेवढेच खरे मानणारे. देवास हात जोडीत नसत, सासूबाईंस मात्र न चुकता जोडीत. जावयांची कन्या उमर वर्षे सात, पायास चाक लाविलेली, सबब घरात तीस भिंगरी म्हणत.

सोमवारी सासूबाई नातीच्या दप्तरातून डबा काढावयास गेल्या, तो हाती शाळेतील खेळाच्या बाईंची शिट्टी लागली. तात्काळ कैफियत घेतली. एकवार फुंकून पाहावी म्हणोन भिंगरीने ती खेळाच्या खोलीतील मेजावरून उचलिली, आणि तोच बाई आल्या, आणि मग ठेवावयाचे धैर्य जाहले नाही, ऐसे कळले. पुढे याहून वाईट कळले. त्याच दिवशी त्या खोलीतून चेंडू आणावयास भिंगरीची बाकावरची मैत्रीण गेली होती. तिचे समोरचे दोन दात पडले असल्याने सारा वर्ग तीस खिंडार म्हणे. आळ त्या गरिबावर आला, आणि शिट्टी मिळेतोवर तीस शाळेच्या शर्यतीतून काढिले. आमची भिंगरी गप्प राहिली.

संध्याकाळी भिंगरीची मातोश्री कचेरीतून आली. ती न्यायालयात लघुलेखिका, तेव्हा घरातही जे बोलेल ते हुकूमनाम्यासारखे बोले. तिने फर्माविले की, शिट्टी पोरीने स्वहस्ते व स्वमनाने परत करावी, मारू नये, लालूच दाखवू नये, शाळेस कोणी परस्पर काही पोहोचवू नये, मुदत शुक्रवारची, आणि ज्याच्या शिकवणीने हे घडेल त्याजकडे पोरीचा संध्याकाळचा सहा ते सातचा तास कायम करावा.

त्या तासावरून सासू-जावयांत दोन वर्षे धुसफूस होती. सासूबाईंस तो प्रार्थनेसाठी हवा, जावयांस लोहचुंबक आणि भिंगांच्या प्रयोगांसाठी. खरे सांगावे तर नोकरी सुटल्यापासून सासूबाईंच्या खिडकीशी कोणी येत नव्हते, आणि दिवसभर त्या सहा वाजण्याचीच वाट पाहात. तो तास गेला तर उरणार काय, हा विचार त्यांस सुटेना.

मंगळवारी सासूबाईंनी प्रथम चाल केली. पोरीस देवापुढे बसवोन बजाविले की, देव सर्व पाहातो, त्याजपासून काही लपत नाही. भिंगरीने ऐकोन घेतले आणि विचारिले, "आजी, देवाने मला शिट्टी घेताना पाहिलं?"

सासूबाई विजयमुद्रेने वदल्या की, पाहिले.

"मग खिंडारला ओरडा बसला तेव्हा तो का नाही बोलला? आणि त्याला माहीतच आहे, तर मी परत कशाला सांगू?"

सासूबाई पाणी पिण्याचे निमित्त करोन स्वयंपाकघरात हटल्या.

बुधवारी जावई मोठ्या जोमाने उतरले. देवाचे नाव न घेता, केवळ बुद्धीचा वापर करोन त्यांनी सवाल टाकिला की, साऱ्या मुलांनी ऐसेच केले तर शाळेचे काय होईल, याचा विचार करावा.

"बाबा, शिट्टी एकच आहे," भिंगरी म्हणाली. "सगळे ती कशी उचलतील?"

जावई दुकानात गेले ते जेवावयासच परतले.

गुरुवारी दोन्ही फौजा एकाच वेळी चालोन आल्या. इकडून देव, तिकडून बुद्धी, मध्ये पोर गृहपाठ करीत बसलेली. तिने कानांत बोटे घातली. शिट्टी दप्तरातच राहिली.

शुक्रवार उजाडला आणि उभयतांची मती फिरली. शिट्टी कैसीही शाळेत पोहोचली म्हणजे पोरीनेच दिली ऐसे ठरेल व तास आपल्या पदरी पडेल, ऐसे दोघांच्याही मनात आले. सासूबाई भाजीचे निमित्त करोन बाजारात गेल्या आणि तैशीच एक शिट्टी विकत घेऊन पाकिटात घातली. पाकिटावर शाळेचा पत्ता लिहिला, आणि पाठविणाऱ्याच्या जागी तीस वर्षांत प्रथमच कोरे सोडिले. खेळाच्या खोलीच्या खिडकीतून पाकीट आत सरकविले, आणि घरी परतल्यावर देवाकडे पाहाण्याचे टाळिले. जावयांनीही त्याच सकाळी, सासूबाईंस सुगावा लागो न देता, तीच मसलत केली.

शाळा सुटतेवेळी दोघेही फाटकाशी भेटले आणि एकमेकांस पाहोन दचकले. भिंगरी धावत आली. तिने शिट्टी मधल्या सुट्टीतच देऊन टाकिली होती.

सासूबाईंनी अधीर होऊन विचारिले, "देवाची भीती वाटली ना गं?"

जावई लगबगीने म्हणाले, "नीट विचार केलास ना?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "आम्ही धावायचा सराव करत होतो आणि खिंडार एकटी पायरीवर बसली होती. मी पहिली आले, पण टाळ्या वाजवायला ती नव्हतीच. ती रडत होती." मग थांबोन म्हणाली, "बाईंच्या मेजावर अजून दोन शिट्ट्या होत्या. एक बाबांच्या दुकानाच्या चष्म्याच्या डबीत. आणि एका पाकिटावर तुझं अक्षर होतं, आजी. तू सातच्या आकड्याला मध्ये रेघ मारतेस ना, तशी. बाई विचारत होत्या कुणाच्या म्हणून. मी काही बोलले नाही. तुमचं तुम्ही सांगा."

जावई आपल्याच चष्म्याची काच पुसू लागले. सासूबाईंनी हळूच पुसिले की, बाई फार रागावल्या काय.

"थोड्याशा. दार वाजवेपर्यंतच जास्त भीती वाटते. चला, मी येते बरोबर."

आणि एका हाताने आजीचे बोट, दुसऱ्या हाताने बाबांचे बोट धरोन, सात वर्षांच्या त्या सेनापतीने दोन्ही फौजा खेळाच्या खोलीवर नेल्या, आणि दार स्वतः वाजविले. आत उभयतांनी, आधी सासूबाईंनी आणि मागोमाग जावयांनी, चूक कबूल केली. दोघांचेही आवाज फारच बारीक निघाले.

येणेंप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खरी शिट्टी बाईंच्या गळ्यात रुजू जाहली, आणि खिंडारची बाईंनी भर वर्गात माफी मागोन तीस शर्यतीत पुन्हा दाखल केले. वादातला तास मातोश्रींच्या हुकुमाने दोघांसही नाकारण्यात आला आणि भिंगरीकडे सुपूर्द जाहला. तिने तो खिंडारसह अंगणात धावण्यास लाविला, आणि आजी व बाबा यांस पायरीवर बसोन टाळ्या वाजविण्याची नोकरी दिली.

त्या शुक्रवारीच संध्याकाळी सासूबाई देवापुढे बसल्या. जपमाळ बाजूस ठेविली आणि पाकीट कसे लिहिले, कोणती जागा कोरी सोडिली, ते सारे आपल्या तोंडाने सांगितले. देवास आधीच ठाऊक होते. तरी सांगितले.